मैदा नाही हो, रवाच आहे!

ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, चालत नाही म्हटलं की ठरलेलं उत्तर: "मैदा नाही हो, रवाच आहे!" अहो, रवा काय झाडाला लागतो? रवा गव्हाचा, शेवया गव्हाच्या, लापशी गव्हाची. वर "चिमूटभर हिंगाने काय होतंय?" डबीवरचं वाचा की! बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं. भाजणीत मूठभर गहू, सोया सॉसमध्ये गहू. आणि ज्वारी? गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळली, की झालं कल्याण. ग्लूटेन-फ्रीची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम. ती काय टिकणार, डोंबल?

मग म्हणे, पाव घरी भाजा. मैदा काढायचा, तेवढंच तांदळाचं पीठ घालायचं. झाली वीट तयार! ग्लूटेनशिवाय पीठ धरून ठेवणार कोण, तुमची पुण्याई? 200 ग्रॅम पिठाला 10 ग्रॅम इसबगोल घाला, पाणी पिठाहून थोडं जास्तच, अर्धा तास मुरू द्या. भाजल्यावर पूर्ण गार होईपर्यंत सुरीला हात लावू नका! पण नाही, गरमच कापायचा. आतून लगदा निघाला की "या पिठांचं काही खरं नाही बाई."

आणि एवढ्या उठाठेवीनंतर तो पाव ठेवायचा कुठे? पोळ्यांच्या डब्यात!