चार जुलै, होनोलुलू आणि राणीची गोष्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. वाचकांसाठी तिचा आशय थोडक्यात सांगते. चार जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, सुट्टी जोडून आम्ही हवाईला गेलो, समुद्रात मनसोक्त डुंबलो, रात्री आतषबाजी पाहिली, आणि मग लेखात मी राणी लिलिउओकलानीची, म्हणजे हवाई स्वतंत्र राज्य असतानाच्या शेवटच्या राणीची, गोष्ट काढून त्या आनंदावर विरजण घातलं, असं तुमचं म्हणणं. 'ज्या देशात राहता त्याचा वाढदिवस तरी नीट साजरा करा. हवाईकरांनी 1959 साली भरभरून मतं देऊन अमेरिकेचं राज्य होणं पसंत केलं, मग तुम्ही का उकरता?' असं तुम्ही विचारलंय. त्यापेक्षा आतषबाजी पाहायला कुठे बसायचं ते लिहिलं असतं तर उपयोग झाला असता, हेही.

आधी माझी चूक. 'मूळ हवाईचे लोक हा दिवस साजरा करत नाहीत' असं एक सरसकट वाक्य मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे आणि मी काढून टाकलंय. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूवरच्या कैलुआ गावात चार जुलैला मिरवणूक निघते. माउई बेटावर मकावाओ गावात याच दिवसांत रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींचा खेळ, होतो, आणि 'पानिओलो' म्हणजे तिथले गुराखी ही हवाईची स्वतःची, अभिमानाची परंपरा आहे. कित्येक हवाईयन घरांतली माणसं अमेरिकी सैन्यात होती आणि आहेत. पाच दिवसांच्या पाहुणीने एवढ्या सगळ्यांच्या वतीने बोलायला नको होतं. तुमच्यामुळे ते लक्षात आलं, आभार.

राणीची गोष्ट मात्र मी काढणार नाही. ती मी सुट्टीला बाहेरून चिकटवलेली नाही, ती त्या तारखेतच आहे.

17 जानेवारी 1893 रोजी व्यापारी आणि वकिलांच्या एका गटाने राणीला पदच्युत केलं. त्यातले बरेच जण अमेरिकी किंवा मिशनऱ्यांचे वंशज होते. 'बॉस्टन' या अमेरिकी युद्धनौकेवरचे दीडशेहून जास्त सैनिक आदल्याच दिवशी होनोलुलूत उतरले होते. रक्तपात नको म्हणून राणी मागे सरली, पण तिने सत्ता सोडली ती अमेरिकेच्या सरकारकडे, निषेध नोंदवून. सत्य कळल्यावर ते आपल्याला न्याय देतील या भरवशावर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी चौकशी करवली, आणि घडलं ते अन्यायाचं असल्याचं काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कळवलं. हवाई लगेच अमेरिकेला जोडून टाकायचा बेत तिथे अडला. तेव्हा त्या गटाने स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. तारीख निवडली 4 जुलै 1894. सॅनफर्ड डोल त्याचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्याच्या राज्यघटनेनुसार मतदारांकडून राजेशाही परत आणायला मदत न करण्याची शपथ घेतली जाऊ लागली.

दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याची तारीख मुद्दाम निवडून राणीच्या राज्यावर पडदा पाडला गेला. हे वाचल्यानंतर त्याच शहरात, त्याच तारखेला बसून मी फक्त आकाशातल्या रंगांबद्दल लिहिणं मला जमलं नसतं.

आता 1959. होय, 94 टक्क्यांच्या आसपास मतदारांनी 'हो' म्हटलं, तो आकडा खरा आहे. पण त्यांच्यापुढे प्रश्न होता तो ताबडतोब राज्य व्हायचं की नाही एवढाच. स्वतंत्र देश व्हायचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, आणि तोपर्यंत मूळ हवाईयन लोक आपल्याच बेटांवर अल्पसंख्य झाले होते. त्यांना विचारायची वेळ होती 1897 ची, आणि तेव्हा ते न विचारता बोलले. हवाई अमेरिकेत विलीन करण्याविरुद्धच्या अर्जांवर 21 हजारांहून जास्त सह्या झाल्या. तेव्हा मूळ हवाईयन लोकसंख्या होती चाळीस हजारांच्या घरात! त्या अर्जांची पानं मी पाहिली आहेत, इंटरनेटवर. नावापुढे वय लिहिलेलं. बायकांच्या सह्यांची पानं वेगळी. अमेरिकेच्या सिनेटमध्ये विलिनीकरणाच्या तहाला दोन तृतीयांश मतं जमेनात, म्हणून 1898 साली स्पेनशी युद्ध चालू असताना साध्या बहुमताच्या ठरावाने काम उरकलं गेलं. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्यावर सही केली ती 7 जुलैला.

'ज्या देशात राहता' हा तुमचा शब्द मला लागला, कारण या देशाबद्दल मला खरोखर माया आहे. याच देशाच्या काँग्रेसने 1993 साली, राणीला पदच्युत केल्याला शंभर वर्षं झाल्यावर, ठराव करून मूळ हवाईयन लोकांची माफी मागितली आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. सरकारने जे मान्य करून लिहून ठेवलंय, ते मी सुट्टीच्या दिवशी आठवलं तर देशाचा अपमान कसा होतो?

आणि विरजण पडलं नाही हो. पन्नास ताऱ्यांचा झेंडा पहिल्यांदा अधिकृतपणे फडकला तो 4 जुलै 1960 ला, आणि तो पन्नासावा तारा हवाईचा. माझ्या लेकीला हे मी वाळूत बसून सांगितलं. राणीचंही सांगितलं. मग अंधार पडला, पहिला बाण वर गेला आणि ती हात वर करून ओरडली. मीही ओरडले. त्या रात्रीचा आनंद मी लिहिला तेवढाच खरा होता.

जागेबद्दल तुमचं बरोबर आहे, ते लिहायचं राहिलंच. आतषबाजी होनोलुलूतल्या 'आला मोआना' पार्कजवळच्या समुद्रावर होते. पार्कात फार गर्दी होते, म्हणून दुपारीच चटई अंथरा, आणि शक्य असेल तर गाडी न नेता वाइकीकीकडून चालत या. सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. तिथून राणीचा इओलानी राजवाडाही फार लांब नाही, पण तो आधीच्या एखाद्या दिवशी पाहा. आत जाताना बुटांवर कापडी आवरणं चढवायला देतात. 1895 मध्ये राणीला जिथे सुमारे आठ महिने कैदेत ठेवलं होतं, ती खोली वरच्या मजल्यावर आहे. तिने तिथे शिवायला घेतलेली गोधडी काचेखाली ठेवली आहे, आणि आपण कैदेत असल्याची नोंद तिने त्यावर टाक्यांनी भरली आहे. ती वाचायला थोडा वेळ हाताशी ठेवा.