कैफियत म्हणजे पाटीवरचं अक्षर नव्हे

बांध, वाटणी, विहिरीचं पाणी, शेतरस्ता असल्या दाव्यांत अडकलेल्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसांच्या मोबाइलवर कैफियतीबद्दल, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या लेखी उत्तराबद्दल, एक मेसेज सारखा फिरतो: ‘कैफियत घाईत कशीही टाकून द्या. निकालापर्यंत ती केव्हाही बदलता येते, कोर्टाला परवानगी द्यावीच लागते. कबुली दिली असेल तर तीही काढता येते. अर्ज मंजूर झाला की काम झालं.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो जास्त घातक.

‘कशीही टाकून द्या’ म्हणणाऱ्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 8 वाचलेला नाही. समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, कोर्टाने कारण नोंदवून मुदत वाढवली तर 90, म्हणून धावपळ होते हे कबूल. पण ‘दाव्यातील मजकूर खोटा आहे, मान्य नाही’ असं मोघम लिहून भागत नाही. ज्या गोष्टीचा स्पष्ट इन्कार नाही, ती मान्य धरली जाऊ शकते.

‘निकालापर्यंत केव्हाही’ हा अर्धवट शिकलेला कायदा. आदेश 6 नियम 17 मध्ये ‘कोणत्याही टप्प्यावर’ हे शब्द आहेत खरे. मात्र 1 जुलै 2002 पासून त्याला शेपूट जोडलंय: सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर योग्य दक्षता घेऊनही ती बाब आधी मांडता आली नाही, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. सुनावणी सुरू कधी झाली? सरतपासाचं, म्हणजे साक्षीदाराच्या पहिल्या जबाबाचं, शपथपत्र दाखल झालं की सुरू, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलं. म्हणून मुद्दे निघण्याआधी, म्हणजे वाद नेमका कशाचा हे कोर्टाने ठरवण्याआधी, अर्ज टाकणं सर्वांत सुरक्षित. नंतर टाकायचा तर ‘नजरचुकीने राहिलं’ किंवा ‘वकील बदलला’ एवढ्यावर सहसा भागत नाही. कागद केव्हा आणि कुठून मिळाला, आधी का मिळाला नाही, हे तारखांसकट लिहा. गावच्या तलाठ्याकडे पहिल्या दिवसापासून असलेला फेरफार ‘आत्ताच सापडला’ म्हटलं, तर समोरचा वकील उलटतपासाचीही वाट पाहणार नाही.

आता कबुली. समजा, यावल तालुक्यातल्या केळीच्या शेताचा वाटपाचा दावा आहे. कैफियतीत प्रतिवादीने लिहिलं, ‘मिळकत वडिलोपार्जित आहे.’ वर्षाने तो म्हणतो, ते वाक्य काढा, जमीन माझी स्वकष्टार्जित. हे जड जाणार. मोदी स्पिनिंग खटल्यात (1976) कैफियतीतली कबुली पुसून वादीचा पायाच काढणारी दुरुस्ती नाकारली गेली. पण वाक्य तसंच ठेवून पुढे ‘तथापि 1996 साली तोंडी वाटणी होऊन ज्याचा त्याचा ताबा वेगळा झाला’ असं जोडायचं असेल, तर गोष्ट निराळी. कबुली मागे न घेता तिचा खुलासा होतो. कैफियतीच्या दुरुस्तीत कोर्टाचा हात दाव्याच्या दुरुस्तीपेक्षा सैल असतो. पर्यायी, अगदी विसंगत बचावही घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली स्पष्ट केलंय. मेसेजवाल्याला हा बारकावा सांगायला हवा होता.

‘द्यावीच लागते’ हेही चूक. परवानगी विवेकाधीन आहे. खर्चाची अट घालता येते आणि वादीचं भरून न येणारं नुकसान होत असेल तर नकारही मिळतो. अर्जात मूळ परिच्छेदाचा क्रमांक, जुना मजकूर आणि नवा मजकूर (उदा. ‘परिच्छेद 7 नंतर 7-अ’) शब्दशः द्या. ‘योग्य ती दुरुस्ती करू द्यावी’ अशा अर्जात कोर्टाने मंजूर काय करायचं? सोबत शपथपत्र, आणि वादीच्या वकिलाला प्रत. तो आपलं म्हणणं देईल.

प्रतिदावा, म्हणजे वादीविरुद्धचा उलट दावाही, याच वाटेने घुसवता येईल, असं काहींना वाटतं. मुद्दे निघाल्यावर तो साधारणतः घेतला जात नाही (सर्वोच्च न्यायालय, 2019). शिवाय त्याची कोर्ट फी वेगळी.

राहिलं ‘मंजूर झाला की काम झालं’. खरी फजिती इथेच होते. आदेशात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नाहीतर 14 दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष कैफियतीत उतरवावी लागते. ती मुदत टळली तर कोर्टाने ती वाढवून दिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही (आदेश 6 नियम 18). अर्ज मंजूर, कैफियत जुनीच, आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून 1996 च्या वाटणीबद्दल सांगतोय. वादीचा वकील म्हणणार, ‘हे कैफियतीत कुठे आहे?’ दावा-कैफियतीच्या कथनात नाही त्या गोष्टीचा पुरावा विचारात घ्यायचा नाही, हा तर जुना नियम.

अर्ज फेटाळलाच, तर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पक्षकाराला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात घटनेच्या अनुच्छेद 227 खाली रिट करता येतं. पण दक्षता दाखवणाऱ्या तारखा मूळ अर्जातच नसतील, तर तिथे दाखवायला हातात काय राहणार?