चारही चाकांचे पैसे

जुनी का होईना, फोर बाय फोर गाडी घेतली तेव्हा माझा हिशेब साधा होता. पैसे चारही चाकांचे मोजलेत, तर ओढायलाही चारही पाहिजेत. म्हणून परभणी सोडतानाच लिव्हर टू-एचवरून (मागची दोनच चाकं ओढतात) फोर-एचला (चारही ओढतात) टाकला आणि जिंतूर रोडने सासुरवाडीला निघालो.

सरळ रस्त्यावर गाडी गुणी. चहासाठी वळवली आणि रुसली. टायर चिरकले, गाडी अडखळत अडखळत वळली. टपरीवाला म्हणाला, "साहेब, हँडब्रेक राहिला का?" लिव्हर मागे घ्यायला गेलो, तर तो जागचा हलेना. तसाच गेलो.

अंगणात वळतानाचं ते कण्हणं सासऱ्यांनी ओसरीवरूनच ओळखलं.

"जावईबापू, डांबरावर कामून लावलं हे?"

"मामा, पकड चांगली राहते."

"खळ्यावर मळणीला बैलांची पात धरलेली पाहिली का कधी? तिवड्याजवळचा, मधल्या खांबाजवळचा बैल इवली इवली पावलं टाकतो, कडेचा पळतो. दोघं सारखेच चालायचे म्हणले तर पात वळंल का?"

आयुष्यात ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरांचा डबा, न उघडलेल्या माणसाने तो एका वाक्यात उलगडला. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माझ्या गाडीत मात्र फोर-एच लागलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट एकमेकांना जखडतात. चिखलात चाक जरा घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला वावच नाही, मग सगळा पीळ गिअरांत साचतो. (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये असलेल्या गाड्यांना हे दुखणं नाही. त्या माझ्या बजेटलाही नाहीत.) मामांच्या सांगण्यावरून गाडी सरळ चार हात मागे घेतली. खट्ट! लिव्हर सुटला.

मग शपथच घेतली, फोर-एचला हात लावायचा नाही. आणि रात्री पाऊस पडला.

सकाळी शेताच्या पांदणीत शिरलो, शपथेप्रमाणे टू-एचमध्ये. आमची काळी माती पाण्याने फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की टायर पोळ्याच्या मातीच्या बैलासारखा गुळगुळीत होतो. फोर-एच चिखलात शिरायच्या आधी लावायचं असतं. मी रुतल्यावर लावलं. आता चारही चाकं मिळून खड्डा खणू लागली. उरलं फोर-एल, म्हणजे चारही चाकं, पण वेग कमी आणि ओढ जास्त. त्यासाठी गाडी थांबवून, न्यूट्रलला आणून, क्लच दाबावा लागतो. थांबायची अडचण नव्हती. ओढ अडीचेक पट वाढली, पण चाकाखाली धरायला काही असेल तर ना!

शेवटी मेव्हण्याने मुरमावर ट्रॅक्टर उभा केला आणि साखळी लावली. दोन झटक्यांत बाहेर.

"दाजी," साखळी गुंडाळत तो म्हणाला, "याची मागचीच दोन ओढतात बरं का."

मी काही बोललो नाही. मान खाली घालून डांबरावर आलो, घराकडे वळवली, तसे टायर पुन्हा चिरकले. मागून मामांचा आवाज आला, "जावईबापू, तिवडा! तिवडा!"