कूलरसमोरचं टेबल

बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला भाचा असणं यात तसं वाईट काही नाही, पण तो रविवारी जेवायला येतो आणि हात पुसत पुसत आपल्या टेबलासमोर येऊन उभा राहतो तेव्हा समजून जायचं की आता आपलं काही खरं नाही.

"मामा, इथे तुम्ही काम करता?"

म्हटलं हो बाप्पा, वीस वर्षांपासून करून राहिलो.

"कसं?"

आता माझं काम म्हणजे नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायचे नि जीएसटीचे रिटर्न भरायचे. शेठलोक बिलं फाईलमध्ये देत नाहीत, कॅरीबॅगमध्ये देतात, मी त्या टेबलावर रिकाम्या करतो आणि मग त्या बिलांवर जे हाताला लागेल ते ठेवतो. टेबल हॉलच्या कोपऱ्यात, बरोब्बर कूलरसमोर. ज्या गावात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला टेकून आला तिथे माणूस कूलरचं तोंड बघून बसतो, वास्तुशास्त्र वगैरे पाऊस पडल्यावर.

तर टेबलावर त्या दिवशी काय काय होतं ते सांगूनच टाकतो, उगाच लपवालपवी कशाला. कूलरचा मागच्या वर्षी जळलेला टिल्लू पंप. संत्रा बर्फीचा रिकामा डबा, त्यात टाचण्या. उन्हाने वितळून एकमेकांना चिकटलेल्या रबरबँडचा एक गोळा. पंचिंग मशीन दोन, दोन्ही बिघडलेले. आलूबोंड्याचा तेलकट कागद, कारण त्यावर एका शेठचा पासवर्ड लिहिलेला. आणि एक पितळी अडकित्ता, तो आईचा, तिला तीन महिन्यांपासून सापडत नव्हता.

भाचा म्हणे आमच्या कंपनीत फाईव्ह एस आहे, जपानी पद्धत, आणि बोटं मोजत सुरू झाला, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. आतून आई ओरडली, "कोणाले शिव्या देऊन राह्यला रे तो?"

शिव्या नव्हत्या. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, तसंच चालू ठेवा नि अंगवळणी पाडा, एवढंच होतं. मी वाद घालून पाहिला. म्हटलं १८ एप्रिल १९५५ ला आइन्स्टाइन गेले, त्याच दिवशी त्यांच्या ऑफिसातल्या टेबलाचा फोटो काढलाय, बघ एकदा, माझं टेबल त्याच्यापुढे देव्हारा आहे. तर त्याने मोबाईल काढून २०११ चा एक अभ्यास दाखवला की डोळ्यासमोर पसारा असला की प्रत्येक वस्तू मेंदूचं लक्ष आपल्याकडे ओढते, म्हणून एका गोष्टीवर नजर टिकत नाही. अभ्यास कुठला तर प्रिन्स्टनचा. आइन्स्टाइनचं ते ऑफिसही प्रिन्स्टनलाच! म्हणजे एकाच गावातून दोन्ही पार्ट्यांचे पुरावे. पण बायको म्हणाली, "अहो, त्यांनी आधी सापेक्षतावाद मांडला, मग पसारा केला. तुमचं एप्रिलचं रिटर्न झालं का?"

२० तारीख तीन दिवसांवर होती. मी गप्प.

मग लाल टॅग. फाईव्ह एसमध्ये ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिला लाल टॅग लावतात, याने खिशातून लाल स्टिकरच काढले (जेवायला येताना स्टिकर घेऊन येतो का बे कोणी?) आणि अर्ध्या तासात माझं टेबल हळदीकुंकवासारखं दिसायला लागलं. उरलं काय तर लॅपटॉप, एक पेन नि एक स्टेपलर, आणि त्या स्टेपलरभोवती त्याने मार्करने रेघ मारली की मामा, ही याची जागा, उचलला की जागा रिकामी दिसते, मग परत तिथेच ठेवायचा. लाकडावर परमनंट मार्कर. खून झालेल्या जागी पोलीस मारतात तशी रेघ.

भंगारवाला आला तेव्हा आई अडकित्ता हातात घेऊन दारातच उभी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ईडापीडा घालवायला मारबतीचे पुतळे काढतात, तो पोळा अजून कुठच्या कुठे, पण टिल्लू ठेल्यावर पडला तशी ती जोरात म्हणाली, "घेऊन जा गे मारबत!" भंगारवालाही नागपूरचाच, त्यानेपण मनापासून साथ दिली. भाच्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

सोमवारी सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसलो. इतकं स्वच्छ टेबल की कोपर टेकवायला संकोच वाटावा. पहिला तास टेबल पाहण्यात गेला, दुसरा ते पुसण्यात, आणि मग दुपारी लाईन गेली. म्हटलं चला, लॅपटॉपला बॅटरी आहे, एका कापडवाल्या शेठची खरेदीची बिलं पोर्टलशी जुळवून घेऊ. एकशे चाळीस बिलं. पार्टीवार, तारखेवार, ओळीने मांडली, पत्त्यांचा डाव मांडावा तशी, आणि खरं सांगतो, इतकं सुंदर काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

कूलरचं बटण तेवढं बंद करायचं राहून गेलं.

लाईन आली. कूलर फुल्लवर. पुढचं मला नीट सांगता येणार नाही कारण तोंडावर सहा-सात बिलं चिकटलेली होती. काही स्वयंपाकघरात गेली, एक वरणात सापडलं, काही सोफ्याखाली, आणि उरलेली बाल्कनीतून पूर्वेकडे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं की तो टिल्लू दोन किलोचा होता, खाली मार्च महिना दाबून बसलेला, बर्फीच्या डब्याखाली फेब्रुवारी, आणि बिघडलेली पंचिंग मशीनं बिघडलेली असली तरी एप्रिलवर ड्युटीला होती. इतक्या वर्षांत माझा एक कागद उडाला नव्हता.

संध्याकाळपर्यंत एकशे एकोणचाळीस मिळाली. एकशे चाळिसावं घेऊन शेजारच्या काकू दारात उभ्या.

"बाबू, तुमचा जीएसटी आमच्या पापडाले लागला."

त्यांचे साबुदाण्याचे पापड गच्चीवर ओलेच होते. बिल त्यावर पालथं पडून सुकलं, काकूंनी सोडवलं तर कागदाचा लगदा झाला, आणि हाताने लिहिलेलं सगळं, बिल नंबर, तारीख, टॅक्स, पापडावर उमटलं होतं. उलट्या अक्षरांत. मी पापड बेसिनवरच्या आरशासमोर धरला, बायकोने नंबर वाचला, मी जुळवला, आणि रिटर्न २० तारखेला रात्री साडेअकराला भरलं.

काकू पापड परत मागत होत्या. म्हटलं काकू, कायद्याने हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, तोपर्यंत तळता येणार नाही. तो आता संत्रा बर्फीच्या डब्यात आहे. डबा भंगारवाल्याकडून दहा रुपयांत परत आणला, टिल्लू ऐंशीत. दोघंही एप्रिलवर बसलेत. स्टेपलर कुठे गेला माहीत नाही, त्याच्या रेघेत सध्या चहाचा कप बरोब्बर मावतो.

काल भाच्याचा मेसेज आला, "मामा, टेबलाचा आजचा फोटो पाठवा." त्या रविवारचाच पाठवून दिला.