लंपन कुठे गेला?

किशोरवयीनांसाठीच्या पुस्तकांच्या तुमच्या यादीत मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आहे, पण प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ नाही. हे आम्हा बेळगावकरांना कसं चालेल? दोन्ही पुस्तकं मी या सुट्टीत पाठोपाठ वाचली. ‘शाळा’मधला आणीबाणीतला नववीचा वर्ग आवडलाच, पण ‘वनवास’मधला मुलगा लंपन घरचा वाटला. त्याच्यासारखी कानडी वळणाची मराठी आमची आजी अजून बोलते की हो! आता ‘वनवास’ कथासंग्रह आहे, कादंबरी नव्हे, म्हणून वगळला असेल तर गोष्ट वेगळी.

छंदाच्या पुस्तकांचं म्हणाल तर, मी घेतलेल्या ओरिगामीच्या, म्हणजे कागदाच्या घड्यांच्या कलेच्या, पुस्तकात डोंगरघडी (कागद मागे दुमडायची) आणि दरीघडी (पुढे दुमडायची) दोन्ही एकाच तुटक रेषेनं दाखवल्यात. बगळा करायला बसले, चप्पल झाली. धाकट्यानं ती कौतुकानं खिडकीत ठेवलीय.