एमपी४ म्हणजे नुसता डबा

व्हिडिओ एडिटिंगवरच्या लेखात ‘एमपी४ फाइल कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालते’ असं सरसकट म्हटलंय, ते पटलं नाही. एमपी४ हा फक्त चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा डबा. आतलं चित्र एच.२६४ पद्धतीने दाबून लहान केलंय की एच.२६५ने, रंगांची खोली ८ बिट की १० बिट, यावर सगळं ठरतं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचंच घ्या. तीच फाइल विंडोजवरच्या मोफत आवृत्तीत उघडते, पण लिनक्सवरच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ चालत नाही. नव्याने शिकणारी मुलं इथेच अडकतात आणि फाइल खराब झाली असं समजतात.

मोबाइलच्या चित्रीकरणाचा उल्लेखच नाही, याचं जास्त वाईट वाटलं. फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) हे कमीजास्त होत राहतं. त्यामुळे एडिटिंगच्या टाइमलाइनवर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण मुलाखत लांबली की हळूहळू फारकत होते. हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ (कायम एकच फ्रेम रेट) निवडून फाइल आधीच बदलून घेतली तर हा त्रास टळतो.

शिवाय एच.२६४मध्ये बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवर अवलंबून असतात, म्हणून कट करताना संगणक अडखळतो. ॲपलने २००७ मध्ये एडिटिंगसाठी आणलेल्या प्रोरेस या पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. जागा मात्र भरपूर लागते: फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर प्रोरेस ४२२ या प्रकाराला तासाला सुमारे ५५ जीबी. (प्रोरेस प्रॉक्सी या हलक्या प्रकाराला साधारण १७.) साध्या लॅपटॉपवर प्रॉक्सीवरच, म्हणजे फाइलच्या हलक्या प्रतीवरच काम करावं आणि शेवटी तिच्या जागी मूळ फाइल जोडावी. मूळ फाइल्स तोवर अजिबात पुसू नयेत.