आवाज गेला म्हणजे मदरबोर्ड गेला, असं कुणी सांगितलं?

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘लॅपटॉपचे स्पीकर अचानक बंद पडले म्हणजे ते जळाले. हेडफोनच्या जॅकमध्ये डब्ल्यूडी-40 मारा, टाचणीने साफ करा. तरी आवाज नाही आला तर मदरबोर्ड बदला.’ (डब्ल्यूडी-40 म्हणजे गंजलेले, जाम झालेले भाग सुटे करायचा स्प्रे; मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड.) रोज लॅपटॉप उघडणारा माणूस म्हणून सांगतो, हे ऐकून लोक चांगली मशीन बिघडवून आणतात.

‘स्पीकर जळाले.’ दोन्ही एकाच वेळी? स्पीकर खराब होताना बहुधा आधी खरखरतो, आणि दुसरा वाजत राहतो. दोन्ही एकदम गप्प झाले तर आधी सेटिंगमध्ये आवाज टीव्हीकडे किंवा ब्लूटूथकडे तर जात नाही ना ते बघा, मग जॅक तपासा. त्या 3.5 मिलिमीटरच्या जॅकमध्ये एक बारीक पाती असते. हेडफोनची पिन आत गेली की ती सरकते, हेडफोन लागल्याचं ऑडिओ चिपला (आवाज सांभाळणाऱ्या चिपला) कळतं आणि स्पीकर बंद होतात. पाती अडकली की रिकाम्या जॅकमध्येही हेडफोन आहे असंच लॅपटॉप धरून चालतो.

कॉलेजातल्या एका मुलीचा लॅपटॉप असाच आला होता. जॅक रिकामा, स्क्रीनवर मात्र ‘हेडफोन्स’. टॉर्च मारली तर तळाशी पिनेचं तुटलेलं टोक चमकलं. रिकाम्या रिफिलच्या टोकाला फेविक्विकचा कणभर थेंब लावून ते ओढून काढलं. घरी हे करू नका, गोंद पातीला लागला तर जॅकच जातो.

‘डब्ल्यूडी-40 मारा.’ साध्या डब्ल्यूडी-40चा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. लॅपटॉप बंद करा, लाकडी टूथपिकने कचरा हलकेच काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं, साफसफाईचं द्रव) अगदी थोडं लावा आणि पूर्ण वाळू द्या. टाचणीने पाती वाकते, टाचणीला हातच लावू नका.

‘मदरबोर्ड बदला.’ जॅकला हेडफोन लावून बघा. त्यात आवाज आला तर ऑडिओ चिप जिवंत आहे. (ब्लूटूथवर आवाज आला तर त्यावरून काही ठरत नाही, तो या चिपमधून जातच नाही.) मग पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) इन्स्टॉल न करता चालवा. तिथे स्पीकर वाजले तर दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा (ऑडिओ चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा सेटिंगचा. नाही वाजले तर उबुंटूच्या अल्सामिक्सर या आवाजाच्या प्रोग्राममध्ये ‘ऑटो-म्यूट’ (हेडफोन लागला की स्पीकर आपोआप बंद करणारी सेटिंग) असेल तर ते बंद करा. आता वाजले तर जॅकची पातीच अडकलेली आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तेवढाच बदलता येतो.

त्या मुलीला दुसरीकडे मदरबोर्डचाच खर्च सांगितला होता. जॅकमध्ये टॉर्च मारून कुणी बघितलंच नव्हतं.